वल्ही वर

आक्का तळ्यावर नाव चालवायची. हात दोरखंडासारखे, जीभ त्याहून खरखरीत. मास्तर काय, डॉक्टर काय, सगळे तिची बोलणी खात आणि तिच्याच नावेत बसत.

तळ्याच्या मध्यावर, पाण्याखाली, सैन्याचं प्रशिक्षणाचं विमान पडलेलं होतं. त्यात दोघं गेले. एक शिकवणारा, एक शिकणारा. शिकणारा आक्काचा धाकटा भाऊ. माणसं बाहेर काढली, विमान गाळात राहिलं. तेव्हापासून त्या जागी आलं की प्रत्येक नावाडी वल्ही वर उचलतो. तिथे कुणी जाळं टाकत नाही. फूलसुद्धा टाकत नाही. नाव आपल्या वेगानं तेवढं पाणी ओलांडते. मग वल्ही पुन्हा खाली.

आता तिथे कारंजं होणार होतं. विमान वारसा म्हणून जपायचं की भंगारात काढायचं, ते ठरवायला एक साहेब आले. त्यांना आक्कानंच नावेत घेतलं.

मध्यावर तिनं वल्ही उचलली.

"दमलात का?" साहेबांनी विचारलं.

"दमतील माझे वैरी. खाली बघा."

पाणी नितळ होतं. शेवाळलेला पंख दिसत होता. एकामागे एक दोन बैठका. साहेबांनी वाकून पाहिलं.

"लढलेलं असतं तर गोष्ट वेगळी. हे शिकाऊ. यात पराक्रम कुठला?"

"आईच्या पोटातून कुणी लढाई शिकून येतं का हो? आधी शिकावंच लागतं ना?"

"रागावू नका, बाई. लोकांचाही जिव्हाळा दिसत नाही. काठावर दगड नाही, पाटी नाही. इतक्या वर्षांत कुणी हातसुद्धा लावलेला नाही."

आक्काच्या कानशिलाची शीर तटतटली.

"हात लावला नाही, हाच जिव्हाळा! आत्ता त्याच्याच डोक्यावर बसलाय तुम्ही. वल्ही वर आहेत. डोळे आहेत की बटणं?"

साहेब वरमले. पण निकाल आला तो भंगाराचाच. वर काठावर प्लास्टिकचं लढाऊ विमान बसवणार, रंगीत दिव्यांसकट.

"आक्का, जरा नमतं घे," शेजारचा नावाडी म्हणाला. "कारंजं झालं की नव्या बोटी आपल्यालाच चालवायला देणारेत."

"तू घे नमतं. तुझी पाठ जन्मापासून वाकडीच आहे."

क्रेनचा तराफा आला त्या सकाळी वारा साफ पडलेला होता. आक्काची नाव आधीच मध्यावर उभी. वल्ही तिनं मांडीवर आडवी धरली होती.

"ओ बाई, बाजूला व्हा!" तराफ्यावरचा ओरडला. "वल्ही मारा!"

"इथे मारत नाहीत," आक्का म्हणाली. "नाव जाईल आपली आपण. वारा सुटला की."