बाथरूमची पाच इंची पायरी

आमचं बाथरूम वर्षभरात दोनदा तोडलं. दोनदा का, असं कोणी विचारलं की मी सांगते, हौस होती. खरं सांगायला बसलं की दमायला होतं.

बाबा पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं, तिथून हे सगळं सुरू झालं. डॉक्टरांनी सोडताना मला बाजूला घेऊन सांगितलं, वॉकर आता कायमचा. जुना संडास काढा, कमोड बसवा, आणि आत जाताना पायरी अजिबात नको. बाबांचं मात्र एकच म्हणणं होतं. मुलीने धरून संडासाला न्यायचं, हे त्यांना मरणाचं नको होतं. आई गेल्यापासून बोरिवलीच्या या घरात आम्ही दोघंच. बाई ठेवते म्हटलं तर जेवणच सोडीन म्हणाले. "माझं मी जाणार," एवढंच. मग त्यांना मुलुंडला भावाकडे पाठवलं आणि मी काम काढलं.

काँट्रॅक्टर बाबांनीच ठरवला. राहायला जोगेश्वरीला, पण आमच्या गावचा. गावात आमच्या घराला लागून त्यांचं घर, एवढ्यावर त्याला काम मिळालं. काय काय करणार ते निदान कागदावर घेऊ, असं मी म्हटलं तर बाबा फोनवर भडकले. गाववाल्याकडून लिहून घ्यायचं म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणायचं. झालं. सगळं तोंडी. पायरी नको, हे मी त्याला समोर उभं करून तीनदा सांगितलं. त्याने मान डोलावली आणि म्हणाला, "होतला, ताई, होतला."

या "होतला"ने, म्हणजे होईल-होईलने, माझं डोकं पिकवलं. नळ कधी बसणार? होतला. रॅबिटच्या, म्हणजे तोडलेल्या विटा-सिमेंटच्या गोण्या जिन्यात पडल्यात, सेक्रेटरी माझ्या नावाने शंख करतोय, कधी उचलणार? होतला. सोसायटीत तोडफोड दहा ते एक आणि मग तीन ते सहा. हा साडेबाराला उगवायचा. त्याची माणसं अर्धा तास ठोकाठोक करायची की जेवायची सुट्टी. मी ऑफिसात अर्ध्या रजा टाकून स्टुलावर बसून राहायची, नाकातोंडात सिमेंट. आंघोळीला शेजारी. पन्नाशीच्या बाईने रोज सकाळी टॉवेल घेऊन दुसऱ्याचं दार वाजवायचं, वैताग नुसता.

एक दिवस रजा मिळाली नाही, आणि नेमक्या त्या दिवशी त्याने फरशी बसवली. संध्याकाळी येऊन बघते तर बाथरूमची जमीन वर आलेली. पट्टी लावली. पाच इंच.

फोन केला तर म्हणाला, कमोडचा पाइप खालच्या घराच्या छतातून न्यावा लागतो, आणि "खालचे नाय म्हणतत." म्हणून त्याने पाइप वरूनच घेतला आणि तो झाकायला जमीन उचलली. सगळ्या बिल्डिंगमध्ये असंच करतात म्हणे. माझा आवाज बसेपर्यंत मी त्याला बोलले. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि थेट मुलुंडला बाबांना फोन लावला.

मग बाबांचा मला. आपला माणूस आहे, चार शब्द कमी बोल. पाच इंच म्हणजे काय, तेवढा पाय माझा उचलतो. उद्या गावात तोंड दाखवायचंय. मी भांडायला हवं होतं. पण रजा संपल्या होत्या, अंगात त्राण नव्हतं, आणि रोज उठून कोणाशी तरी तंडायचा मला उबग आला होता. जाऊ दे म्हटलं. त्या जाऊ देची मला आजही लाज वाटते.

बाबा घरी आले. वॉकरचे पुढचे दोन पाय पायरीवर, मागचे दोन खाली, सगळं डगमगायचं. मी मागे हात पसरून उभी राहिले तर मला स्वयंपाकघरात जायला सांगितलं. मी गेले, आणि कान देऊन थांबले. बाहेर आल्यावर म्हणाले, "बघ, गेलो की नाही?" मलाही वाटलं, जमलं बुवा.

दोनेक आठवड्यांनी लक्षात आलं की त्यांचा सकाळी भरलेला तांब्या संध्याकाळी तसाच असतो. दुपारचा चहा नको. आमटी नको, पोळी कोरडीच खायची. विचारलं तर म्हणे तहान लागत नाही. मग ताप भरला. डॉक्टरांनी लघवी तपासली, इन्फेक्शन निघालं. पाणी किती पिता, असं त्यांनी विचारल्यावर बाबा भिंतीकडे बघत बसले.

घरी आल्यावर पांघरुणाकडे बघत बोलले. "पाणी प्यालं की जावं लागतं. तिथे पाय उचलताना भीती वाटते गो."

मला रडूच आलं. तशीच उठून खालच्या मजल्यावर गेले, हातापाया पडायची तयारी करून. तिथे एक म्हातारं जोडपं राहतं. तुम्ही नाही म्हणालात ते मला माहीत आहे, पण माझे वडील, असं काहीतरी मी सुरू केलं. काकूंनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"नाही कधी म्हटलं? आम्हाला कोणी विचारलंच नाही."

मी त्यांच्या सोफ्यावर बसूनच राहिले. दोन दिवस छत उघडायचं, त्यात काय एवढं, असं काका म्हणत होते. त्या मेल्याने खोटं सांगितलं, ते खरंच. पण दीड महिना मी या दोघांचा राग राग केला, लिफ्टमध्ये मान फिरवली, आणि एक जिना उतरून विचारायला गेले नाही. माझे पाय तर धड होते ना?

वर येऊन बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "त्याला काही बोलू नको." मी म्हटलं, बोलणार, चांगलीच बोलणार, आणि तुम्ही त्याचा फोन घ्यायचा नाही. नवीन माणूस आणायचा आणि सगळं कागदावर.

काम सुरू व्हायला किती दिवस लागतील, त्यांनी विचारलं. पंधरा तरी.

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत मी धरून नेणार."

मी पाण्याचा ग्लास पुढे धरला. बाबा तो हातात घेऊन कितीतरी वेळ त्याकडे बघत बसले. मग अर्धा प्याले. थांबले. उरलेलाही संपवला.

तासाभराने मी स्वयंपाकघरात कुकर लावत होते. आतून हाक आली, इतकी हळू की आधी कळलंच नाही.

"बाय, येतंस काय गो?"