पाकिटातली नखं

प्रयोगशाळेत त्यांना सगळे ‘नखवाल्या बाई’ म्हणत, अर्थात पाठीमागे. बाई रक्ताच्या कॅन्सरमधले जनुकदोष शोधत. रक्तात दोष सापडला, तरी तो आजारासोबत आला की जन्मापासून अंगात आहे, हे रक्त सांगत नाही. नखं सांगतात, कारण नखांत रक्त नसतं. म्हणून बाई रोग्यांकडून पाकिटात नखं मागवत. घरी जेवताना हा विषय निघाला की त्यांची सून ताट उचलून दुसऱ्या खोलीत जाई. यात वावगं काय, ते बाईंना कधीच कळलं नाही.

बाईंची एक खोडही होती. निकाल हाती आला की जे विचारलंच नाही ते आधी बघायचं. एका सहीला एवढा वेळ, म्हणून हाताखालची माणसं कुरकुरत. बाई कुणाला भीक घालत नसत.

एकदा एका बसचालकाचा निकाल सहीला आला. रक्तात दोष होता, नखांत नव्हता. म्हणजे दोष जन्माचा नाही, भावंडांत असण्याची भीती नाही. अस्थिमज्जा जुळत होती ती त्याच्या धाकट्या बहिणीची. ती शिवणकाम करायची. बाईंची सही झाली की तिची मज्जा काढून भावाला द्यायची, एवढंच राहिलं होतं. बाईंनी पेन उघडलं, सवयीने इतर रकाने बघितले आणि पेन बंद केलं. नखांत पुरुषाचं वाय गुणसूत्र नव्हतंच. ती नखं कुणा बाईमाणसाची होती.

नमुन्यांची अदलाबदल झाली असणार, म्हणून बाईंनी दोन दिवस सगळ्यांना फैलावर घेतलं. फ्रीज, नोंदवह्या, कचऱ्याचे डबेसुद्धा धुंडाळून झाले. माशी कुठे शिंकली ते कळेना. शेवटी त्यांनी चालकाच्या घरी फोन लावला. तो त्याच्या बायकोने उचलला.

"पाकीट कुणी भरलं होतं?"

"मीच की."

"नखं कुणाची?"

ती म्हणाली, "अहो बाई, ह्यांना नखं उरलीत कुठे? आजार कळल्यापासून बसल्या बसल्या कुरतडतात. म्हटलं, माझीच द्यावीत. लग्नाला बावीस वर्षं झाली, आता काय माझं नि काय ह्यांचं!"

बाई पोट धरून हसल्या. फोन ठेवला आणि त्यांना घाम फुटला. दोष जन्माचा असता आणि बहिणीतही असता, तर तिच्या मज्जेतून तोच आजार भावाच्या अंगात पुन्हा आला असता. आणि कागदावर सही त्यांची असती.

नेलकटर घेऊन त्या तडक वॉर्डात गेल्या.

"मोजे काढा."

"अहो बाई, पाय आहेत ते!" चालक खाटेवर मागे सरकला.

"दिसतंय मला. तिथवर तुमचं तोंड पोचलं नसेल ना अजून?"

शेजारच्या खाटेवरचे आजोबा खो खो हसले. चालकाने लाजत लाजत पाय पुढे केला.

पायाच्या नखांत दोष निघाला. म्हणजे जन्माचाच. आता बहिणीची तपासणी आली, आणि तिच्यात दोष असण्याची शक्यता निम्मी होती. बाईंनी तिला समोर बसवून सगळं नीट सांगितलं. दोष निघाला तर भावाला मज्जा देता येणार नाही, शिवाय पुढेमागे तिलाही हाच आजार होऊ शकेल. ती मान डोलावत राहिली. पुढचे दहा दिवस बाईंचा जीव टांगणीला लागला होता. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतरही असं होतं, याचा त्यांना स्वतःचाच राग आला.

निकाल आला तेव्हा बाईंनी सगळे रकाने दोनदा वाचले आणि स्वतः फोन केला.

"तुझ्यात दोष नाही."

"म्हणजे दादाला माझं चालेल?"

"चालेल. अगदी बिनधास्त."

ती हुंदके देऊन रडू लागली. बाईंचेही डोळे भरून आले. तिला पोटभर रडू देऊन मग त्या म्हणाल्या, "आणि अगं, तुझीही काळजी मिटली की!"

"माझी?" तिला क्षणभर काही उमजेना. "हो, तेही आहेच. पण बाई, मी यायचं कधी, ते सांगा ना. मशीनवरचं सगळं काम मी परवाच उरकून ठेवलंय."