परकी शाई

परवापर्यंत निमूट चालणारा आमचा प्रिंटर आज सकाळी अडून बसला. त्याच्या इवल्याशा पडद्यावर अक्षरं उमटली : ‘ही शाई आमच्या कंपनीची नाही.’ कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेलं कार्ट्रिज काढून मी कानाशी हलवलं. आत शाई डुचमळत होती. याच शाईने परवा सोसायटीच्या नोटिसा छापून दिल्या होत्या. मग मधल्या वेळात याचे कान कुणी भरले?

“वायफायवरून कंपनी सांगते त्याला,” बायको म्हणाली.

तेव्हापासून त्याच्या लुकलुकत्या दिव्याकडे माझं सारखं लक्ष जातंय. विकत आणलेली वस्तू आपली होते, असं मी आजवर धरून चाललो होतो. आमच्या पाट्याने कधी मिरची कुठल्या दुकानातली म्हणून विचारलं नाही. हा मात्र वीज आमची खातो आणि ऐकतो भलत्याचंच. आता फ्रिज गुरगुरला तरी वाटतं, हा कुणाशी बोलतोय?

शेवटी मी बायकोजवळ सरकून विचारलं, “देऊन टाकू या का हा प्रिंटर?”

“टाकू की,” ती म्हणाली, “पण कुजबुजतोयस कशाला? घर आपलंच आहे ना?”