बुरुल एजेचे आठ

आमच्या कालव्याकाठच्या गल्लीत बुरुल एजेशी ज्याचं भांडण झालेलं नाही असा माणूस शोधायचा तर पाळण्यात बघावं लागेल. पाळण्यातलं पोर रडलं तरी ती भिंतीपलीकडून विचारते, "कोण मेलं रे?"

पाठीला पोक, उजवा गुडघा कामातून गेलेला, डोक्याला बारा महिने तोच हिरवा रुमाल. नवरा वर गेला, मुलगा रशियात गेला. दोघंही फोन करत नाहीत, असं ती एकाच सुरात सांगते. मागे राहिली एका शिंगाची काळी गाय. स्वभाव मालकिणीचाच.

एकट्या बाईला गाय परवडते ती राखणीच्या पाळीमुळे. सकाळी सगळ्या घरच्या गाई पुलाशी जमतात आणि ज्याची पाळी असेल तो त्या नदीकडे चारून आणतो. पंधरवड्यातून एकदा गुडघा फरफटत न्यायचा, बाकीचे दिवस चहा पीत गल्लीला शिव्या द्यायच्या, असा एजेचा संसार. पाळीतून नाव गेलं की रोज गाईमागे चालणं आलं.

पाळीचा कारभार जुनुश आकेकडे. थोरल्या बाईला एजे, थोरल्या बाप्याला आके, हा आमच्याकडचा मान. जिल्हा कचेरीतून माणूस निवृत्त झाला, पण कचेरी काही त्याच्या अंगातून निघाली नाही. राजधानीच्या, बिश्केकच्या रेडिओवर वेळेचं टूं-टूं वाजलं की हा मनगटावरचं घड्याळ लावणार. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी, जणू सूर्य यानेच फिरवलाय अशा तोऱ्यात, दारोदार सांगत फिरणार, "काटे तासभर मागे!"

एरवी एजे कुरकुरत का होईना, ऐकायची. मी सांगतोय त्या वर्षी मात्र उन्हाळा कोरडा गेला होता. तिच्या गवताच्या गंजीवर कोंबडी चढली तरी तिला पलीकडचं अंगण दिसलं नसतं. बर्फ पडेपर्यंत गाईने बाहेर जे खाल्लं तेच खरं.

"एजे, उद्या तुझी पाळी," जुनुश आके फाटकातून म्हणाला. "गाई आठलाच निघतील. पण नव्या आठला."

"म्हणजे तासभर उशिरा. का?"

"वेळ बदलली."

"सूर्याला सांगितलंस?"

"सूर्य सरकारी नाही."

"माझी गाय तरी कुठे आहे? संध्याकाळी अंधार तेव्हाच पडणार ना? सरकारने तुला तासभर झोप दिली, माझ्या गाईला तासभर ऊन दिलं का?"

"वाद नको. घड्याळ मागे घे."

"ठोक्याचं घड्याळ आहे. मागे फिरवलं तर मोडतं."

"मग तासभर बंद ठेव."

"तू ठेव बंद. तोंड."

हे मी भिंतीला कान लावून ऐकलं असं आई म्हणते. कान लावायची गरज नव्हती. कालव्यापलीकडेही ऐकू गेलं असेल.

दुसऱ्या दिवशी जुन्या आठला एजे काठी आणि गाय घेऊन पुलाशी हजर. गल्ली सरकारी झोप घेत होती. "आल्या त्या आल्या!" अशी एक हाळी देऊन ती एकटी गाय घेऊन चालू पडली. तासाभराने सगळे जमले तर राखण करणारंच कुणी नाही. जुनुश आके मनगट वर धरून पुलावर उभा. एजे घड्याळातूनच उगवणार असल्यासारखा.

गाई दिवसभर दाव्याला उपाशी हंबरत राहिल्या. संध्याकाळी पुलावरच बैठक बसली.

"पाळी मोडली हिने," जुनुश आके म्हणाला.

"मी वेळेवर होते. तुम्ही घोरत होता."

"कुणाच्या वेळेवर?"

"उजाडलं होतं. आंधळ्यालाही कळतं, कारकुनाला नाही कळत!"

"हिला काढा. हात वर करा."

हात वर झाले. माझ्या आईने अर्धाच केला. जुनुश आकेने तो पूर्ण मोजला.

"काढा," एजे म्हणाली. "बघू कोण आधी दमतं."

सोमवारी जुन्या आठला गल्लीत घंटा वाजायला लागली. एजेने घोड्याच्या घसरगाडीची पितळी घंटा गाईच्या गळ्यात बांधली होती. पुढे घंटा, मागे लंगडत एजे, चाल इतकी सावकाश की एकही घर चुकू नये. आमच्या गाईंना निघायची वेळ ठाऊक होतीच. काळी चालली म्हटल्यावर प्रत्येक गोठ्यातून हंबरडा उठला. दावी ताणली गेली, बादल्या लाथाडल्या गेल्या. शेजारच्या गुलसुनच्या गाईने गोठ्याचं दार काढून अंगणात ठेवलं.

हे रोज. सरकारने दिलेला तास काळीने रोज सकाळी परत घेतला.

एक दिवस एजे मला कालव्याच्या काठावर बसलेली दिसली. गुडघा कलिंगडाएवढा सुजलेला.

"एजे, घरी बसा. गाय मी नेतो."

"तू? तू गाईला नेणार की गाय तुला? जा, त्या जुनुशला सांग, पाय तुटला तरी घंटा वाजणार."

मी सांगितलं. त्याच वेळी गुलसुन त्याच्या दारात रिकामी बादली आपटत होती. "आके, तुमचा तास तुमच्यापाशी ठेवा! गाय पान्हा चोरते आहे माझी. माझ्या सुनेच्या हातचा चहा बिनदुधाचा पिऊन बघा एकदा!"

संध्याकाळी जुनुश आके एजेच्या फाटकाशी आला. दारात आलेल्याने नानचा एक तुकडा तोंडात टाकल्याशिवाय जायचं नाही, ही आमची रीत. वैऱ्यालाही ती चुकत नाही. एजे मोकळ्या हाताने बाहेर आली. तो क्षणभर त्या हातांकडे बघत राहिला.

"उद्यापासून गाई नव्या सातला निघणार," बिश्केकहून हुकूम आल्यासारखा तो म्हणाला. "पाळीत परत ये."

"नवे सात म्हणजे किती?"

"तुला माहीत आहे."

"मी म्हातारी. मला नीट सांग."

जुनुश आकेने आपल्या बुटांकडे पाहिलं आणि बुटांनाच सांगितलं, "तुझे आठ."

"मग मोडलेली पाळी उद्या भरते," ती म्हणाली आणि फाटक लावून घेतलं.

सकाळी सगळ्यांच्या गाई पुलाशी होत्या. जुनुश आकेची नव्हती. तो रेडिओच्या टूं-टूंची वाट बघत थांबला होता. एजेने काठी उचलली. "आल्या त्या आल्या!" कळप पूल ओलांडून गेला, आणि मागून आके आपली गाय ओढत, धापा टाकत, "थांब! थांब ए बाई!" करत नदीपर्यंत गेला. तिचा हिरवा रुमाल एकदाही मागे वळला नाही.

पुढे दोन-तीन वर्षांत सरकारनेही नाद सोडला. वसंतात काटे पुढे गेले ते गेलेच, पुन्हा मागे आले नाहीत. म्हणजे अख्खा देश एजेच्या आठवर आला. "उशिराच कळलं त्यांना," एवढंच ती म्हणते. जुनुश आके रेडिओ अजून ऐकतो, आणि गाय वेळेवर सोडतो.

नान मात्र त्याला अजून मिळालेला नाही.