फुलगोबीतली अळी

राजापेठेतल्या त्या भाजीवाल्या बाईंच्या मते, फुलगोबीत अळी निघाली म्हणणारं गिऱ्हाईक खोटारडं असे. मग समोरच्या कडुनिंबाच्या ढोलीतून साळुंकीचं पिल्लू पडलं. बाईंनी ते टोपलीत पाळलं आणि आम्हालाच सांगू लागल्या, "अळी निघाली तं फेकू नका, मले आणून द्या." मी काडेपेटीतून नेऊन देई.

पंख भरल्यावर त्यांनी ते झाडाखाली सोडलं. ते उडून साळुंक्यांच्या थव्यात बसलं. त्यातलं आपलं कोणतं, ते ओळखू येईना. बाई मिरच्या निवडायला बसल्या.

दुसऱ्या दिवशी सवयीनं मी काडेपेटी नेली. बाईंनी ती झाडाखाली रिकामी केली, जरा वर पाहिलं आणि परत येऊन म्हणाल्या, "आमच्या गोबीत अळी निघतच नाई, भाऊ."