मागे घेतलेला शोधनिबंध

ते फडकं मी धुवायला नको होतं. पण दुसऱ्याचं काम न सांगता करायचं आणि मग चारचौघांत सांगत फिरायचं, ही माझी जुनी खोड. फडकं होतं सुधाकरदादांचं, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या भावाचं. राईस मिलमधून धानाचं तूस आणायचं, कॉलेजच्या भट्टीत जाळून त्याची पांढरी पावडर करायची आणि रविवारी जवाहरनगरला आमच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात बसून ती मलमलीच्या फडक्यातून गाळायची, असा त्यांचा क्रम. कॉलेजच्या प्रयोगशाळेत छताचे पोपडे पडत. आमच्याकडे फक्त माझी बडबड असे.

गोंदिया वेगळा जिल्हा होऊन काही वर्षं झाली होती. दादा भंडाऱ्याच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत. घन पदार्थ आतून कसे असतात, कशाने चमकतात, हा त्यांचा विषय. समोरच्याचं नीट ऐकायचं असलं की ते चष्मा काढून हातात घेत. मी बोलताना तो बहुधा नाकावरच असे.

तर एका रविवारी मला ते फडकं मळलेलं दिसलं. कपड्यांच्या पावडरीत भिजवलं, नळ जाईल म्हणून एकदाच खळबळलं आणि वाळत घातलं. पुढे दर आठवड्याला हेच. त्यानंतर दादांची पावडर अतिनील किरणांच्या जांभळ्या दिव्याखाली निळी चमकायला लागली. त्यांनी पाच वेळा करून पाहिली, पाचही वेळा चमकली. मग शोधनिबंध लिहिला आणि तो परदेशी नियतकालिकात छापून आला.

आणि सायटेशन सुरू झाली. म्हणजे दुसरे संशोधक आपल्या निबंधात दादांच्या निबंधाचा आधार देऊ लागले. त्यांच्या बाकीच्या सगळ्या निबंधांची सायटेशन हाताच्या बोटांवर मोजता यायची, या एकट्याची शंभरावर गेली. आकडा बघायचं खातं मी स्वतःकडे घेतलं. करडी गावातल्या एका लग्नात तर भर पंगतीत जाहीर केलं, "आता जपानवालेबी आमच्या दादाचं नाव घेऊन राहिले!"

शेजारी दादा वरणभात कालवत होते. म्हणाले, "जवाईबापू, लोक अफवाबी उचलतात. गिनती कायले करता? आत काय लिहिलं ते पाहा."

आतलं मला कुठे कळत होतं! मी गिनतीच करत राहिलो.

एकदा मी आठ दिवस बाहेरगावी गेलो. शालिनीने, माझ्या बायकोने, फडकं साध्या पाण्यातून काढलं. पावडर चमकली नाही. मी परतलो, पावडर पुन्हा चमकली. दादांनी भट्टी बदलली, तूस बदललं, मिल बदलली. शेवटी एका संध्याकाळी तो जांभळा दिवा घेऊनच घरी आले आणि व्हरांड्यातला बल्ब बंद केला. आधी फडकं चमकलं. मग दिवा माझ्याकडे वळला. माझं बनियन गळ्यापासून कमरेपर्यंत निळंशार पेटलं.

"घ्या," दादा म्हणाले, "माहा शोध तुमच्या पोटावर हाय. कपड्याच्या पावडरीत चमक आणाचं रसायन असते. फडक्यातून तेच उतरत होतं."

शालिनी हसली, मग तिला माझं तोंड दिसलं. पंधरा दिवसांवर दादांची प्रोफेसरपदाची मुलाखत होती आणि त्या अर्जाचा सगळा जीव या एका निबंधात होता.

"दादा, मुलाखत होऊ द्या ना, मग सांगा," मी गयावया केली.

"तवरक आणखी चार पोट्टे त्याच्यावर पीएचडी सुरू करतीन. त्यायचे वर्ष कोण भरून देईन? तुम्ही?"

"मग माझ्यामुळे झालं असं तरी लिहा."

त्यांनी चष्मा काढला. "फडकं कोणं धुतलं, कशानं धुतलं, हे पाहाचं काम माहं होतं. तुमचं नाव कायले?"

दुसऱ्याच दिवशी त्यांनी निबंध मागे घेतला. पत्रात 'चूक माझी' एवढंच. प्रोफेसरपद मिळालं नाही, पुढे कधीच मिळालं नाही. माझं नाव त्यांनी घरीसुद्धा काढलं नाही. शालिनीलाही मी काढू दिलं नाही.

मागच्या हिवाळ्यात दादा गेले. कॉलेजातल्या शोकसभेत मी बोललो. लोकांना हसवलं, रडवलं, मागे घेतलेल्या निबंधाची गोष्ट चांगली रंगवली. फक्त मूळ जागी आल्यावर 'प्रयोगात काहीतरी गडबड झाली' म्हणून पुढे सरकलो. सभा संपल्यावर दादांच्या पत्नी, कुंदावहिनी, जवळ आल्या.

"भाऊजी, एवढा बारीक पाहणारा माणूस. यायच्या हातून अशी गडबड झाली तरी कशी? मले अजून समजत नाही."

"होते कधीकधी, वहिनी," मी म्हणालो.

घरी जाताना वाटेत शहापूर आलं तशी स्कूटरवर मागे बसलेल्या शालिनीने माझ्या खांद्यावर थाप मारली. मग म्हणाली, "गाडी वळवा. दादा तर बोलला नाही, आता बोलणारबी नाही. वहिनीले तुम्हीच सांगा. आणि आज हसवू नका."