दांडीच्या खाडीवरून नेलेला उजेड

बोईसरच्या केबल कंपनीतल्या माणसाने माझ्या भाचीला तोंडावर सांगितलं, दांडीत तुमच्या घरापर्यंत केबल येणार नाही. धड इंटरनेट हवं तर सालवडला खोली घ्या. हर्षाली घरून ऑनलाइन गणित शिकवते. तास रोज मधेच तुटायचा, म्हणून क्लासवाल्यांनी तिला सोमवारपर्यंतची मुदत दिली होती. मी टेलिफोन खात्यात हयात घालवलेली बाई. म्हटलं, केबल येत नाही ना, मग उजेड नेऊ. शनिवारी पहाटे नाशिकहून निघाले.

जव्हारमार्गे एसटी हाडं खिळखिळी करते. पुढची जागा धरा. बोईसरला दांडीची रिक्षा भरल्याशिवाय सुटत नाही, तेव्हा चहा पिऊन घ्या. माझ्या मांडीवरच्या दोन पेट्या बघून शेजारच्या कामगाराने विचारलं, "दूरबीन है क्या?"

"टॉर्च है," मी म्हणाले. ते फारसं खोटं नव्हतं. एका पेटीतला न दिसणारा उजेड अतिशय झपाट्याने उघडझाप करतो आणि समोरची पेटी ती उघडझाप वाचते. खणायचं काही नाही, पण दोन्ही पेट्यांना एकमेकी सतत दिसायला हव्यात. दाट धुकं त्यांना पावसापेक्षा जास्त छळतं.

खाडीपलीकडे हर्षालीच्या मैत्रिणीकडे केबल होती. एक पेटी तिच्या गच्चीवर, दुसरी हर्षालीच्या. संध्याकाळपर्यंत नेम जुळला, इंटरनेट झकास चाललं. भाकरी आणि बोंबलाचं कालवण जेवताना मी भरपूर फुशारकी मारली.

रविवारी दुपारी सगळं ठप्प. गच्चीवर धावले. भरतीने खाडीतल्या बोटी वर उचलल्या होत्या आणि एकीचा झेंडा बरोबर उजेडाच्या वाटेत फडफडत होता. मी ओहोटीत नेम धरला होता. स्वतःचाच भयंकर राग आला.

खाली जाऊन बोटवाल्या काकांना विचारलं, "बोट जरा सरकवता का?"

"नाय सरकायची. तुमची पेटी काल आली, आमी कवाचे हाय इथं."

त्यांचं बरोबर होतं. हर्षाली मात्र खचली. "मावशी, सोड. घेते मी खोली."

"गप बस. बोट हलणार नाही, तर उजेड हलेल."

दोन्ही गच्च्यांवर उंच पाइप उभे करून पेट्या त्यांच्या टोकाला बसवल्या. वाऱ्याने पाइप जरा डुलला तरी नेम चुकतो, म्हणून ते ताणून बांधायला दोर हवा होता. तो त्याच काकांनी दिला, कपाळावरची आठी न काढता. भरती असतानाच नेम पुन्हा धरला आणि रात्रीच्या गाडीने परतले.

सोमवारी घरी अंग ठणकत होतं. तरी भरतीच्या वेळी कॅमेरा बंद ठेवून हर्षालीच्या तासाला बसले. अपूर्णांक डोक्यावरून गेले. माझं लक्ष फक्त चित्र अडकतंय का याकडे. तास एकदाही तुटला नाही. मुलं गेल्यावर तिने फोन खिडकीकडे वळवला. बोट जागच्या जागी होती, झेंडा फडकत होता आणि त्याच्या वरून तिचा आवाज येत होता:

"मावशी, खोलीवाल्याला कळवलं. येत नाय म्हटलं."